‘गॅसने शंभरात एकच मेला’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

नईसडक_वाली

काल रात्री आपल्या ग्वाल्हेरच्या मंडळींत दौलतगंजच्या काकांनी जे लिहिलं ते वाचून डोकं इतकं तापलंय की आज सगळी कामं बाजूला ठेवून बसलेय. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगते: रासायनिक युद्धाचा उगाच बाऊ केलाय, पहिल्या महायुद्धात गॅसने मेलेले शंभरात एक, बाकी सगळे तोफा-बंदुकांनीच मेले, मरण ते मरण, आणि बंदी म्हणजे बड्या देशांचं सोंग. त्यावर धडाधड अंगठे.

काका, आकडा तुमचा बरोबर आहे. नव्वद लाखांच्या वर सैनिक मेले त्यात गॅसचे साधारण ९० हजार धरतात. पण ते ९० हजार कोण होते ते बघितलंत का? त्यातले निम्म्याहून जास्त रशियन मानले जातात. इंग्रज, फ्रेंच, जर्मन सैनिकांना बऱ्यापैकी मास्क मिळाले तसं त्यांचं मरण कमी झालं, रशियनांना वेळेवर मिळाले नाहीत. मतलब तुमचा तो ‘शंभरात एक’ आलाय मास्कमुळे, गॅस सौम्य होता म्हणून नाही.

आणि पहिला दिवस आठवा, २२ एप्रिल १९१५, बेल्जियममधलं ईप्र. जर्मनांनी पाच हजारांवर नळकांडी उघडून दीडशे टनांच्या वर क्लोरीन सोडला आणि समोर होते फ्रेंचांच्या बाजूने लढणारे अल्जीरियन आणि वय झालेले राखीव शिपाई, कुणाकडे काही नाही. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, तो सरळ खंदकात उतरतो, म्हणजे गोळीपासून वाचायला माणूस जिथे लपलाय तिथेच. चार दिवसांनी तिथेच आपली लाहोर डिव्हिजन पुढे पाठवली. त्यांच्याकडे तरी काय होतं? जमादार मीर दस्त स्वतः जखमी, गॅस लागलेला, तरी गोळीबारात आठ इंग्रज आणि हिंदुस्तानी अधिकारी बाहेर काढले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गॅसचा त्रास मात्र नंतरही सुटला नाही.

त्यानंतरची यादी बघा. १९२०च्या दशकात स्पेनने मोरोक्कोच्या रीफ भागात वापरला, १९३५-३६ मध्ये इटलीने इथिओपियात विमानातून मस्टर्ड, म्हणजे अंगावर फोड आणणारं विष, फवारलं, अनवाणी चालणाऱ्या माणसांवर आणि गुरांवर, जपानने चीनमध्ये वापरला, इराकच्या सद्दामने आधी इराणवर आणि मग १६ मार्च १९८८ ला हलब्जामध्ये स्वतःच्याच देशातल्या कुर्दांवर, एका दिवसात पाच हजारांच्या आसपास माणसं. यात एक तरी ठिकाण दाखवा जिथे समोरच्याकडे मास्क होता आणि तो उलटून तसंच उत्तर देऊ शकत होता. माझ्या लेखी रासायनिक युद्ध म्हणजे हेच, ज्याच्याकडे मास्क नाही त्याला हेरून त्याच्या श्वासावर केलेला हल्ला. म्हणून बंदी हवी आणि म्हणून मला ‘मरण ते मरण’ ऐकवत नाही.

मुरार_रिटायर्ड

ताई, तळमळ कळली पण फौजेत एनबीसीचं, म्हणजे अणू-जैविक-रासायनिक हल्ल्यापासून बचावाचं ट्रेनिंग घेतलेला माणूस म्हणून बोलतो, तुम्ही उलटं वाचताय. तुमच्याच यादीतून हे दिसतं की तयार फौजेवर गॅस चालत नाही. वारा फिरला की आपल्याच अंगावर येतो, फ्रान्समधल्या लूस इथे सप्टेंबर १९१५ मध्ये इंग्रजांचं तेच झालं. जे हत्यार बड्या फौजांच्या कामाचं नव्हतं त्यावर त्यांनी बंदी घातली. अणुबॉम्बवर का नाही घातली मग? कारण तो चालतो. हिटलरकडे टाबून हा नर्व्ह गॅस, म्हणजे मज्जातंतूंवर घाला घालणारा, तयार होता, रणांगणावर का नाही वापरला? नैतिकता होती का त्याच्यात? समोरचा पण टाकेल ही भीती होती, बस्स.

बाकी मास्क मास्क करताय तर एकदा जून महिन्यात तो सूट घालून बघा. आम्ही रेंजवर घातला होता, काही मिनिटांत बुटात घाम साचतो, काच धुरकटते, शेजारचा काय ओरडतोय ते ऐकू येत नाही. मास्क असला म्हणजे सुटलो असं नसतं.

दौलतगंज_काका

माझ्यावर धागा काढलात म्हणून आलो. हाल्डेनचं नाव ऐकलंय ना? मोठा शास्त्रज्ञ, पहिल्या महायुद्धात स्वतः खंदकात लढलेला, पुढे भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. त्याने १९२५ मध्येच लिहिलंय की गॅस हा स्फोटकांपेक्षा कमी क्रूर, कारण जखमी होतात ते बहुतेक बरे होतात, हातपाय तुटत नाहीत. तो काय बेअक्कल होता?

आणि सोंग नाही तर काय म्हणायचं याला? आपलंच घ्या. ऑगस्ट १९९२ मध्ये आपण आणि पाकिस्तानने मिळून जाहीर केलं की रासायनिक अस्त्रं बनवणार नाही, बाळगणार नाही. आणि १९९७ मध्ये रासायनिक अस्त्रबंदीचा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला तेव्हा आपणच लिहून दिलं की १,०४४ टन मस्टर्ड आमच्याकडे आहे. पाच वर्षांत आकाशातून पडलं का?

केमिस्ट्री_मॅडम_थाटीपूर

काका, हाल्डेनने लिहिलं १९२५ साली, तेव्हा सारीन, टाबून हे नर्व्ह गॅस जन्मालाच यायचे होते. टाबून १९३६ आणि सारीन १९३८, दोन्ही जर्मनीत श्राडर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या टीमने काढले आणि तो शोधत होता पिकावरच्या किडीचं औषध. आणि मस्टर्डने माणूस ‘बरा’ होतो म्हणजे काय ते मी मुलांना शिकवते तेव्हा माझ्याच अंगावर काटा येतो. तेलकट द्रव असतो तो, अंगाला लागल्यावर कित्येक तास काहीच वाटत नाही, मग फोड, डोळे, फुप्फुसं. उतारा नाही. जमिनीवर कित्येक दिवस राहतो. इराणमध्ये सरदश्त म्हणून साधं गाव, २८ जून १९८७ ला त्यावर टाकला, तिथली माणसं कित्येक वर्षं खोकत जगली. हाल्डेनच्या हिशोबात ती सगळी ‘वाचलेली’ धरायची का?

डबरा_किसान

मॅडमनी किडीच्या औषधाचं काढलंच आहे तर मी बोलतो, कारण यावर कुणी बोलत नाही. सारीन-बिरीन तुम्हाला परदेशातलं वाटतं, आमच्या शेडमध्ये त्याची भावंडं बाटलीत आहेत. माझा चुलतभाऊ धानावर औषध मारत होता, वारा फिरला आणि सगळं तोंडावर आलं, घरी येऊन अंघोळ न करता तसाच झोपला. दुपारी तोंडातून लाळ, घामाने निथळतोय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टरने रात्रभर अ‍ॅट्रोपीन चढवलं, वाचला. डॉक्टर म्हणाला की नर्व्ह गॅस लागलेल्या शिपायाला पण हेच इंजेक्शन देतात. मग सांगा, यवतमाळला २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास माणसं गेली, त्याला कुठलं युद्ध म्हणायचं? त्यांना कुणी मास्क दिला होता? शहरातल्यांना हलब्जा दिसतो, डबरा दिसत नाही.

लष्करची_मावशी

डबऱ्याच्या दादा, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं पण तुम्हा शेतकरी मंडळींनी शहरातल्यांना हे सांगू नये. त्या धान्यातली कीड मारायच्या सल्फासच्या गोळ्या कोण वापरतं? आमच्या वाड्यात मागच्या खोलीत भाडेकरू होते, गावाहून वर्षाचे गहू आले, त्यांनी टाकीत गोळ्या टाकल्या आणि खोली बंद करून ठेवली. पावसाळी हवा. पलीकडच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड, दोन लहान मुलं. रात्री धाकट्याला उलट्या, सगळ्यांना वाटलं बाहेरचं काही खाल्लं असेल. सकाळपर्यंत गेलं ते पोर. मोठी वाचली. मी त्या खोलीत दिवा लावायला जाते तेव्हा आजही श्वास रोखून जाते. आम्ही आयुष्यभर कडुलिंबाचा पाला आणि उन्हं दाखवून गहू टिकवले, कुणी मेलं नाही.

डबरा_किसान

मावशी, ऐकून पोटात तुटलं. पण कडुलिंबाचा पाला दोन पोती गव्हाला चालतो, आमच्याकडे शंभर पोती असतात आणि घुण लागला की व्यापारी अर्ध्या भावात मागतो. तुम्हाला गहू किडका नको, महाग पण नको. गोळ्या गोदामासाठी असतात, राहत्या घरात टाकायच्याच नाहीत, किरकोळ दुकानात विकायला पण परवानगी नाही तरी बाजारात मुठीने मिळतात. शिव्या शेतकऱ्याला का?

लष्करची_मावशी

मी शिवी दिली नाही. मी पोर गेलं ते सांगितलं.

हजिरा_चौक

एरंडेल लावून ठेवा ना गव्हाला, आमच्याकडे सासूबाई असंच करतात, वर्षभर काही होत नाही.

डबरा_किसान

शंभर पोत्यांना एरंडेल! ताई, तुम्ही एकदा या शेतावर आणि लावून दाखवा. घरबसल्या सल्ले देणं सोपं असतं.

हजिरा_चौक

मी घरापुरतं बोलले, तुमच्या गोदामाबद्दल नाही. सरळ बोललं तरी अंगावर येता.

केमिस्ट्री_मॅडम_थाटीपूर

भांडू नका. गोळीला दमट हवा लागली की फॉस्फीन वायू निघतो, म्हणून पावसाळ्यात जास्त धोका. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वासावर भरवसा ठेवू नका. त्यावर उतारा नाही, सारीनवर निदान अ‍ॅट्रोपीन तरी आहे. घरात कुणी अशी टाकी ठेवली असेल तर झाकण उघडून बघत बसू नका, दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि उलटी, चक्कर काहीही वाटलं तर सरळ दवाखाना, आणि डॉक्टरांना गोळ्यांचं आधी सांगा. मावशींच्या शेजारच्यांना तेच माहीत नव्हतं.

मुरार_रिटायर्ड

सगळं खरं आहे, सगळं वाईट आहे, पण विषय काय होता? रासायनिक युद्ध. घुण मारायची गोळी म्हणजे युद्ध नाही. असंच करायचं तर रिकाम्या सिलिंडरचा स्फोट पण बॉम्बहल्ला म्हणा.

इंदूरची_सून_मूळ_ग्वाल्हेर

दादा, तुम्ही म्हणता युद्ध नाही, मग भोपाळ काय होतं? २ डिसेंबर १९८४ ची रात्र, चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट आणि त्याचे भाईबंद बाहेर पडले, तोही वायू हवेपेक्षा जड, तोही आधी झोपडपट्टीत गेला. राज्य सरकारने मान्य केलेला आकडाच ३,७८७ आहे, लोक त्याच्या कितीतरी पट सांगतात. डॉक्टरांना हे पण नीट कळवलं नाही की कोणता वायू आहे आणि उपचार काय करायचा. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड. आणि कचरा? तो चाळीस वर्षं तिथेच पडून. मग २०२५ च्या जानेवारीत ३३७ टन आमच्या उशाशी पीथमपूरला आणून टाकला, लोक रस्त्यावर उतरले, तरी तिथेच जाळला. ज्या शहराने काही केलं नाही त्याच्या हवेत. युद्ध संपतं तरी. हे संपलंच नाही.

मुरार_रिटायर्ड

भोपाळ अपघात आणि निष्काळजीपणा, गुन्हा म्हणा, पण शत्रू समोर ठेवून सोडलेला वायू नव्हता तो. शब्द असे सैल सोडले की खरं युद्ध करणारे सुटतात.

इंदूरची_सून_मूळ_ग्वाल्हेर

ज्याचं फुप्फुस जळलं त्याला तुमच्या शब्दाचं काय करायचंय?

केमिस्ट्री_मॅडम_थाटीपूर

यात फौजीदादांचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल, आवडत नसला तरी. १९९७ चा करार रसायनांची नुसती यादी देऊन थांबत नाही, हेतू बघतो. आपल्या तिघरा धरणाच्या पाण्यात घालतात तोच क्लोरीन. पाण्यात घातला तर आरोग्य, पिंपात भरून हेलिकॉप्टरमधून वस्तीवर टाकला तर रासायनिक अस्त्र. सीरियात तेच झालं. म्हणून भोपाळला करारात जागा नाही, सल्फासला नाही, डबऱ्याच्या फवारणीला नाही. आणि हेतू सिद्ध करणं सगळ्यात अवघड, म्हणून त्या फटीतून बरेच जण निसटतात. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने १९६१ ते १९७१ जंगलावर आणि शेतांवर कोट्यवधी लिटर तणनाशक ओतलं आणि म्हणाले, आम्ही झाडं मारली, माणसं नाही. त्यातल्या डायॉक्सीन या विषाने माणसांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

टेकनपूर_बायपास

अश्रुधुराचं कुणी बोलत नाही. आपल्याच टेकनपूरला बीएसएफच्या युनिटमध्ये त्याची नळकांडी बनतात. करारात लिहिलंय की युद्धात अश्रुधूर वापरायचा नाही, पण स्वतःच्या देशातल्या जमावावर पोलिसांना चालतो. शत्रूच्या शिपायाला जे करायचं नाही ते आपल्या माणसाला करायचं. कॉलेजात असताना एका मोर्च्यात मी नुसता बघायला थांबलो होतो, गल्ली अरुंद, नळकांडं आमच्या पायाशी, दम्याची एक म्हातारी जिन्यात बसून राहिली होती. तिला कुठला दंगा करायचा होता?

मुरार_रिटायर्ड

त्याचं कारण आहे. युद्धात एकाने अश्रुधूर सोडला तर समोरच्याला दुरून कळत नाही की तो अश्रुधूर आहे की सारीन, तो खरा गॅस काढतो. म्हणून तिथे मनाई. पोलिसांसमोर तो प्रश्न नाही. बंद गल्लीत मारला असेल तर चूक त्यांची, तेवढं मान्य.

आणि ताई, मला निर्दयी समजू नका. १९३०च्या दशकात रावळपिंडीत इंग्रजांच्या शास्त्रज्ञांनी आपल्याच हिंदुस्तानी शिपायांवर मस्टर्डचे प्रयोग केले, शेकडो जणांवर, दहा वर्षांहून जास्त चाललं ते. गोऱ्या कातडीपेक्षा यांच्या कातडीवर किती फोड येतात ते बघायला. काही जण दवाखान्यात पडले. २००७ मध्ये कागद उघड झाले, वर्तमानपत्रात दोन दिवस छापून आलं आणि विसरले सगळे. त्यांची नावं कुठल्या स्मारकावर आहेत? पेन्शन मिळाली का? हा विषय निघाला की मला रात्रभर झोप नाही. ते शिपाई शत्रू पण नव्हते, त्यांच्याच पगारावर होते.

नईसडक_वाली

दादा, हे तुम्ही आधी का नाही लिहिलंत? तुम्ही म्हणता निरुपयोगी म्हणून बंदी घातली. रावळपिंडीत प्रयोग सुरू झाले तेव्हा १९२५ चा जिनिव्हा प्रोटोकॉल होऊन गेला होता, इंग्रजांनी सही केलेली होती. सही झाली तरी प्रयोग चालू, कारण त्या कागदात वापरायला मनाई होती, बनवायला आणि साठवायला नाही. मग १९९७ ला लागू झालेल्या त्या करारावर १९९३ मध्ये सह्या झाल्या, त्यात बनवणं, साठवणं सगळं बंद आणि परक्या तपासनीसांना कारखान्यात येऊ द्यायचं. निरुपयोगी हत्यारासाठी कुणी इतकं मान्य करतं का? काका म्हणतात आपले १,०४४ टन आकाशातून पडले का. नाही पडले, आणि १९९२ चं ते वाक्य मलाही लाजिरवाणं वाटतं. पण लपवलेलं बाहेर आलं ते याच करारामुळे, आणि २००९ पर्यंत तपासनीसांच्या डोळ्यांदेखत शेवटच्या थेंबापर्यंत नष्ट केलं. अमेरिकेने शेवटचं जुलै २०२३ मध्ये संपवलं. आपल्या झाशी रोडवरच्या डीआरडीई या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत आज बचावाचंच काम चालतं, ओळखायचं कसं, सूट कसा करायचा. हे सोंग असेल तर असं सोंग मला अणुबॉम्बच्या बाबतीतही बघायचंय.

दौलतगंज_काका

रशियाने २०१७ मध्ये सांगितलं सगळं संपवलं, २०१८ च्या मार्चमध्ये इंग्लंडात सॅलिसबरीला नोविचोक, रशियनांचंच नर्व्ह विष. सीरियाने २०१३ मध्ये सही केली, २०१७ मध्ये तिथल्याच खान शेखूनला पुन्हा सारीन. इजिप्त, उत्तर कोरियाने सहीच केली नाही. इस्रायलने केली पण मंजूर नाही केली. ही तुमची बंदी.

मास्कचा मुद्दा मी धरला नव्हता, तेवढा तुमचा. रशियनांचं मला माहीत होतं पण तसा विचार केला नव्हता. ‘कमी क्रूर’ हा शब्द मी मागे घेतो, मावशींचं वाचल्यावर तो तिथे ठेवणं बरं नाही. पण जो वापरतो त्याला शिक्षा होत नाही हे माझं मत कायम आहे.

नईसडक_वाली

होते काका. कमी होते, उशिरा होते, पण होते. हलब्जाचा हुकूम देणारा अली हसन अल मजीद २५ जानेवारी २०१० ला फाशी गेला. आणि सद्दामला मस्टर्डचा कच्चा माल पुरवणारा फ्रान्स फान आनराट नावाचा डच व्यापारी, त्याला हेगच्या कोर्टाने २००५ मध्ये पंधरा वर्षं दिली, अपिलात ती सतरा झाली. शिपाई नाही, मंत्री नाही, माल विकणारा. तो म्हणायचा मला माहीत नव्हतं कशाला लागतोय.

दौलतगंज_काका

बावीस वर्षांनी फाशी. आणि एक व्यापारी. बाकी ज्या ज्या देशांच्या कंपन्यांनी सद्दामला माल आणि मशिनरी दिली ते?

नईसडक_वाली

त्यांना नाही झाली. इथे तुमच्याशी भांडायला माझ्याकडे काही नाही.

लष्करची_मावशी

मॅडम, एक विचारायचं होतं. त्या मागच्या खोलीत नवे भाडेकरू येतायत, गावचे आहेत, गहू आणणारच. गोळ्या नको म्हणून सांगितलं तर ऐकतील असं वाटत नाही. त्यांना कळेल असं चार ओळींत लिहून द्याल का, मी दारावर लावते.

केमिस्ट्री_मॅडम_थाटीपूर

हिंदीत आणि मराठीत दोन्ही लिहून पाठवते, आज रात्रीच.

डबरा_किसान

मला पण पाठवा मॅडम. इथे खताच्या दुकानाबाहेर लावतो.